धागा का तुटला?

नदीकाठच्या एका विणकरांच्या गावी एकदा एक वस्त्रपारखी राहत असे. गावात दोन-अडीचशे माग होते. काही नदीच्या अंगाला, काही वर माळावर. मागावरून उतरलेले प्रत्येक वस्त्र आधी या पारख्यासमोर यायचे आणि मगच बाजारात जायचे. तो ते उजेडात धरी, तळहातावरून सरकवी, आणि निर्दोष असेल तर कोपऱ्यावर दरबाराचा शिक्का उमटवी. दोष सापडला की वस्त्र परत. एकाच विणकराची लागोपाठ तीन वस्त्रे परत गेली, तर त्याचे नाव बाजाराच्या यादीतून निघे, आणि पुढे निर्दोष वस्त्र आणून दाखवीपर्यंत परत चढत नसे. नियम जुना होता, पारख्याने केलेला नव्हता. पण त्याच्याइतका काटेकोरपणे तो आजवर कुणी पाळला नाही, असे जाणती माणसे म्हणत, आणि त्याला ते ऐकायला बरे वाटे.

वीस वर्षे हे काम केल्यावर त्याच्या नजरेला दुसरे काही दिसेनासे झाले. जेवायला बसला की आधी भाकरीचा करपलेला काठ दिसे. अंगणातल्या रांगोळीत वाकडी गेलेली रेघ दिसे. त्याची पत्नी समोर वाढायला बसे, पण त्याने पहिला घास घेतल्यावर काही क्षण ती श्वास रोखून धरी. हे मात्र त्याला दिसत नसे.

त्या वर्षी फाल्गुनात भिवबा नावाचा विणकर आपले लुगडे घेऊन आला. पन्नाशीचा, हाताला सफाई असलेला माणूस. पूर्वी त्याचे घर नदीकाठी होते. तीन वर्षांपूर्वी पुरात ते वाहून गेले, तेव्हापासून तो माळावर राहायला गेला होता. त्याची आधीची दोन लुगडी परत गेली होती. हे तिसरे.

पारख्याने लुगडे उलगडले. पदराजवळ एक उभा धागा तुटून वीतभर गळलेला होता. त्याने घडी घातली आणि लुगडे पुढे सरकवले.

भिवबाला ते कळले. तो रडला नाही, हातापाया पडला नाही. लुगडे जवळ ओढून म्हणाला, "नियम आहे, ठीक आहे. एवढंच सांगता का, हा धागा तुटला कशानं असेल? मी फार जपून विणलं होतं."

"ते सांगणं माझं काम नाही," पारखी म्हणाला.

"बरं," असे म्हणून भिवबा उठला.

आठवड्याभराने पारख्याच्या कानावर आले, की भिवबाने माग सोडला; लाकडे मेहुण्याच्या गोठ्यात टाकली आणि स्वतः चुन्याच्या भट्टीवर मजुरीला लागला. असे यापूर्वीही झाले होते. नियमाने झाले, म्हणजे त्यात आपले काही नाही, असेच तो आजवर धरून चालला होता. या वेळी ते जमेना. भिवबाने माग सोडल्याचे दुःख होते, पण त्याहून अधिक टोचत होते ते त्याचे स्वतःचेच वाक्य. 'ते सांगणं माझं काम नाही.' मग आपले काम तरी काय, असे त्याचे मन त्याला विचारू लागले. वीस वर्षांत हजारो वस्त्रे आपल्या हाताखालून गेली. त्यांतल्या एकाचा तरी एक धागा आपल्यामुळे बरा झाला का?

शिक्का हातात घेतला की त्याला थकवा येऊ लागला. हा धंदाच कोरडा आहे, असे त्याच्या मनाने घेतले. वैद्यकी शिकावी का, शेती करावी का, की सगळे सोडून कुठे निघून जावे? ज्याला त्याला विचारून झाले. कुणी म्हणाले, मान आहे, सावली आहे, बसून काम आहे, तुला आणखी काय हवे?

गावापासून दोन कोसांवर एका टेकडीवर जुना मठ होता. तिथे एक वृद्ध साधुपुरुष राहत. ते फारसे बोलत नसत, पण लोक त्यांच्याकडे जात. चैत्र संपत आला होता. पारख्याने महिन्याभराची रजा घेतली आणि तो टेकडी चढला.

"महाराज," तो म्हणाला, "मला माझा धंदा बदलायचा आहे. जिवाला समाधान देईल असं काम कोणतं, ते तुम्ही सांगा. तुम्ही सांगाल ते करीन."

वृद्धाने विचारले, "तुला येतं काय?"

"मला दोष दिसतो. इतरांना दिसत नाही तो मला दिसतो."

"विणायला येतं?"

पारखी ओशाळला. "नाही. कधी वेळच आली नाही."

"वीस दिवसांनी इथं देवाचा उत्सव आहे," वृद्ध म्हणाले. "देवाच्या खांद्यावरचं उपरणं यंदा तू विण. ओसरीच्या खोलीत माग आहे. आक्का तुला दाखवील."

आक्का म्हणजे मठात वर्षानुवर्षे सेवा करणारी एक म्हातारी बाई. तिने त्याला मागावर बसवले, आडवा धागा नेणारा धोटा हातात दिला आणि पाय कसे चालवायचे ते दाखवले. पहिल्या दिवशी बोटभर विणून झाले, तेही तिरके. दुसऱ्या दिवशी त्याने ते उसवायला घेतले, तर उभे धागेच पटापट तुटू लागले. पारख्याला प्रत्येक दोष लख्ख दिसत होता. तो दिसून उपयोग काहीच होत नव्हता, कारण दोष दिसल्यावर हाताने काय करायचे, हे त्या हाताला कुणी कधी शिकवलेच नव्हते.

पाचव्या दिवशी एकाच सकाळी सात धागे तुटले. त्याने धोटा खाली ठेवला आणि चिडून म्हणाला, "आक्का, हे तुटतात तरी कशानं?"

शब्द तोंडातून गेले आणि त्याच्या लक्षात आले, की हा प्रश्न आपला नाही. तो आपण कुणाकडून तरी ऐकला आहे.

आक्काने त्याला 'ते सांगणं माझं काम नाही' असे म्हटले नाही. तिने धागा बोटांत धरून पाहिला, मग भिंतीकडे पाहिले. "हा माग पश्चिमेच्या खिडकीशी आहे नव्हं? दुपारचा कोरडा वारा थेट सुतावर येतो. सूत वाळतं, त्याला लावलेली खळ तडकते, मग तुटणारच. खाली नदीकाठी कुणाला हा त्रास होत नाही, तिथल्या हवेत ओल असते. इथं उंचावर ओल आपण आणायची."

तिने खिडकीला ओले गोणपाट लावले. मागाखालच्या खड्ड्यात भिजवलेली वाळू पसरली. मग तुटलेल्या धाग्याची दोन टोके जोडून दाखवली. गाठ इतकी बारीक, की पारख्यालाही ती शोधावी लागली. "आता तुम्ही करा," ती म्हणाली. त्याच्या पहिल्या दहा गाठी सुटल्या. अकराव्या वेळीही ती तितक्याच शांतपणे त्याच्याकडे पाहत होती.

त्या दिवशी धागे कमी तुटले. पण पारख्याचे मन विणण्यात नव्हते. गेल्या वीस वर्षांतली वस्त्रे त्याच्या डोळ्यांसमोरून सरकत होती. माळावरून आलेली वस्त्रे, माघापासून वैशाखापर्यंतची. त्यांतल्या निम्म्यांना हाच दोष असे, तुटून गळलेला उभा धागा. नदीकाठच्या वस्त्रांत तो क्वचित. भिवबासुद्धा नदीकाठी होता तोवर त्याचे एकही वस्त्र परत गेले नव्हते. प्रत्येक विणकराला फक्त आपला माग ठाऊक होता. साऱ्या गावाचे कापड एकाच माणसाच्या हाताखालून जात होते, आणि उत्तर इतकी वर्षे त्याच्या तळहातावर होते. त्याने ते कधी वाचले नाही, कारण कुणी विचारले तर सांगायचे नाही, हे आधीच ठरलेले होते.

तो तसाच बसून राहिला. आक्काने विचारले, "दमलात का?" त्याने मान हलवली आणि पुढचा धागा जोडायला घेतला.

उत्सवाच्या आदल्या संध्याकाळी उपरणे पुरे झाले. एक काठ आत ओढलेला, मधे दोन ठिकाणी विणीत विरळ पट्टे, गाठी तर जागोजाग. त्याने ते वृद्धासमोर ठेवले आणि म्हणाला, "महाराज, शिकायला म्हणून ठीक आहे. देवासाठी एक व्यापारी रेशमी उपरणं घेऊन आले आहेत, मी पाहिलं. त्यावर माझाच शिक्का आहे. तेच उद्या देवाला घाला."

वृद्धाने उपरण्याची घडी घालून ते उचलून घेतले.

सकाळी गाभाऱ्याचा पडदा सरला. सभामंडपात दोनशे माणसे होती, पुढच्या रांगेत तो व्यापारी. देवाच्या खांद्यावर पारख्याने विणलेले वाकडे उपरणे होते. रेशमी वस्त्र बाजूला, पाटावर घडी घालून ठेवले होते.

मंडपात कुजबुज सुरू झाली. व्यापारी उठून म्हणाला, "महाराज, चुकून अदलाबदल झाली असेल." पारखी तर धावतच गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी आला. त्याचे कान लाल झाले होते.

"महाराज, काढा ते!" तो म्हणाला. "ते सदोष आहे. त्यात सत्तावीस दोष आहेत, मी स्वतः मोजले आहेत. असलं वस्त्र मी बाजारात जाऊ दिलं नसतं."

वृद्धाने त्याचा हात धरला. व्यापाऱ्याला ते नम्रपणे म्हणाले, "शेठजी, आपलं रेशीम उद्यापासून महिनाभर देवाच्या अंगावर राहील. आज एक दिवस मला द्या." मग ते पारख्याकडे वळले.

"तुला सत्तावीस दोष दिसले. देवाला कदाचित त्याहून जास्त दिसत असतील. तरी बघ, त्यानं ते खांद्यावर घेतलं आहे. बाळ, दोष पाहणं हे एक काम आहे आणि नाकारणं हे दुसरं. तू दोन्ही एकच धरून बसलास. ज्याला दोष दिसतो त्यानं दुरुस्त करायला जवळ घ्यावं, म्हणून त्याला ती नजर दिलेली असते. तुझी नजर वाईट नाही, ती परत करू नकोस. तिच्यामागचं मन बदल. आणि तू इथं काम शोधायला आलास ना? ते काम फाल्गुनातच तुझ्या ओट्यावर आलं होतं, हातात लुगडं घेऊन. त्यानं तुला एक प्रश्न विचारला, आणि तू त्याला परत पाठवलंस."

पारख्याने महाराजांना भिवबाची गोष्ट कधी सांगितली नव्हती. पण आक्काला सांगितली होती, धागे जोडता जोडता, तुकड्यातुकड्याने. तो खाली बसला. आरती सुरू झाली. त्याने हात जोडले, आणि वर देवाकडे पाहिले. वाकडा काठ दिसत होताच. पण वीस वर्षांत प्रथमच, दोष दिसूनही वस्त्र परत सरकवायला त्याचा हात पुढे झाला नाही. जे मी नाकारले असते ते इथे घेतले गेले, तर मलाही कुणी घेईल, असे त्याला वाटले. आणि मग आपण नापास होऊ ही जी भीती आयुष्यभर त्याच्या छातीत दबून बसली होती, तिचा वेढा थोडा सैल झाला.

घरी परतला त्या संध्याकाळी त्याने पत्नीला सांगितले, "मी शिक्का परत करणार आहे."

ती पोळ्या लाटत होती. लाटणे थांबले. "आणि करणार काय?"

"माळावरच्या विणकरांकडे जाणार. कापड मागावर असतानाच दोष दाखवणार, आणि तो का येतो ते शोधणार. जमेल तितकं दुरुस्त करायला शिकवणार."

"त्याचं कुणी काही देणार आहे का?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "कदाचित नाही. पण हे काम मला दिलेलं आहे, एवढं आता कळलं आहे. ज्यानं दिलं तो बघेल, असं धरून चालायचं."

ती त्याच्याकडे निरखून पाहत राहिली. "आज दुपारच्या आमटीत मीठ दुप्पट पडलं होतं. मी जेवताना माझ्या लक्षात आलं. तुम्ही सगळी संपवलीत आणि काही बोलला नाहीत."

"खारट होती," तो म्हणाला. "चुकून पडलं असेल म्हटलं."

ती हसली. बऱ्याच वर्षांनी हसली. "द्या शिक्का परत. मी चार घरच्या सुताच्या कांड्या भरून देईन. दोन वेळचं निघेल."

बाजाराच्या प्रमुखांनी त्याला पुष्कळ समजावले. "ही सनद एकदा सोडलीत की परत मिळायची नाही. लोक म्हणतील डोकं फिरलं." लोक म्हणालेही तसेच. पारखी शिक्का ठेवून बाहेर पडला आणि सरळ चुन्याच्या भट्टीवर गेला.

भिवबा पांढऱ्या धुळीने माखला होता. पारख्याला पाहून त्याने टोपली खाली ठेवली, पण नमस्कार केला नाही.

"तुम्ही मला एक गोष्ट विचारली होती," पारखी म्हणाला. "उत्तर द्यायला उशीर झाला."

"आता काय उपयोग?"

"तुमचा माग कुठल्या भिंतीशी होता?"

"पश्चिमेच्या. उजेड चांगला येतो म्हणून."

पारख्याने कोरड्या वाऱ्याचे, ओलीचे, वाळूचे सगळे सांगितले. माळावरच्या बाकीच्या कापडांचेही सांगितले. भिवबा ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा चेहरा कठीण झाला. "म्हणजे माझा हात चुकत नव्हता."

"नाही."

"तीन वर्षं मी माझ्या हाताला शिव्या देतोय. बायकोला म्हणालो, हात म्हातारे झाले." त्याचा आवाज चढला. "तुम्हाला हे तेव्हाच सांगता आलं असतं!"

"हो," पारखी म्हणाला. "सांगता आलं असतं. मी ते शोधलंच नाही. चूक माझी आहे." त्याने क्षमा मागितली नाही, कारण ती मागितली की भिवबाला ती द्यावी लागेल, असे त्याला वाटले.

भिवबाने टोपली उचलली आणि तो कामाला लागला. पारखी दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी भिवबा म्हणाला, "लाकडं गोठ्यात आहेत. वाळवी लागली नसली म्हणजे मिळवली."

दोघांनी मिळून माग पूर्वेच्या भिंतीशी उभा केला. खड्डा हातभर खोल केला, वाळू भिजवली. पारखी रोज शेजारी बसे. धागा ढिला पडला की बोट ठेवी, तुटला की आपल्या हाताने जोडी. ज्येष्ठाच्या ऐन उन्हात पहिले लुगडे उतरले आणि नव्या पारख्याकडे गेले.

ते परत आले. पदराजवळ नव्हे, पण काठाशी एक धागा गळला होता. भिवबाची बायको सगुणा पारख्याला म्हणाली, "तुमचं ऐकून भट्टी सोडली. आता?" त्या दिवशी घरी जाताना त्याच्या मनात एकच चालले होते. सनद गेली, नाव गेले, आणि वर या माणसाला आपण दुसऱ्यांदा बुडवले. वाटेत तो थांबला. डोळे मिटून देवाला एवढेच म्हणाला, "काम तुझं आहे. कुठं चुकतंय ते मला दाखव." आणि सकाळी पुन्हा जाऊन मागाशी बसला. दुपारपर्यंत पाहत राहिल्यावर त्याला दिसले, की काठाच्या बाजूला छपराची एक फट होती आणि तिथून उन्हाची तिरीप नेमकी त्याच धाग्यांवर येत होती. भिवबाने फट लिंपली.

पुढचे लुगडे शिक्का घेऊन आले. भिवबाने घडी उलगडून शिक्का पाहिला, बोटाने चाचपला, आणि आत जाऊन सगुणाच्या हातात लुगडे दिले. मग बाहेर येऊन पारख्याला म्हणाला, "च्या घेता का?" आजवर त्याने विचारले नव्हते.

हळूहळू माळावरची इतर माणसे बोलावू लागली. आधी चोरून, मग उघड. कुणी पायलीभर धान्य देई, कुणी भाजी, कुणी नुसतेच आभार. आधीचा थाट राहिला नाही, घरात चणचण काही वर्षे होतीच. पण कामावरून आल्यावर तो पत्नीशी दिवसभरातले बोलू लागला होता, आणि तीही पदराने हात पुसत शेजारी येऊन बसू लागली होती.

चार-पाच वर्षांनंतरची गोष्ट. माळावरच्या एका नव्या मागावर, एका तरुण विधवेचा ताणा, म्हणजे मागावर ताणलेले उभे धागे, विस्कटला होता. पारखी सकाळपासून खाली मान घालून एकेक धागा सोडवत बसला होता. ती शेजारी बसून शिकत होती. दुपारी ती पाणी आणायला उठली आणि परत येऊन म्हणाली, "मामा, मघा दारात एक म्हातारे साधू उभे होते. बराच वेळ."

त्याने विचारले, "काही म्हणाले?"

"तुम्ही कधीचे बसलाय विचारलं. मी म्हटलं, सकाळपासून. त्यांना म्हटलं, हाक मारू का? तर म्हणाले, नको, त्याचं काम चाललंय. आणि गेले. आत्ताच वळणावर पोचले असतील. धावलात तर गाठाल."

पारख्याने दाराकडे पाहिले. मग मागाकडे पाहिले. तीस-चाळीस धागे अजून सोडवून जोडायचे राहिले होते, आणि त्या पोरीने नुकतीच गाठ मारायला सुरुवात केली होती.

त्याने बसल्या जागेवरून दाराच्या दिशेने हात जोडले. "ये," तो तिला म्हणाला, "आता हे टोक तू धर."

आपले काम कोणते, हे विचारायला ज्याला उठून जावेसे वाटत नाही, त्याला ते मिळाले आहे असे समजायला हरकत नाही.